चित्रातून बहुभुजाचे कोपरे काढताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

तक्रारी साधारण तीनच असतात. पहिली: आकृती षटकोनी आहे, पण कोड मला संपूर्ण चित्राचेच चार कोपरे देतो. दुसरी: सहा कोपरे हवे होते, सत्तावन्न आले. तिसरी: कोपरे बरोबर आले, पण जोडले की आकृतीच्या जागी जाळं तयार होतं. तिन्ही वेळा लोक कोपरे शोधणाऱ्या ओळीतच खुडबुड करत बसतात, आणि चूक बहुतेकदा त्या ओळीच्या आधी किंवा नंतर असते. म्हणून इथे सगळं काम क्रमाने घेतलं आहे. साधनं नेहमीचीच आहेत: पायथॉन, नमपाय (आकड्यांच्या तक्त्यांसाठीची लायब्ररी) आणि ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी). फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, वापरणाऱ्याला ती लगेच ओळखू येतील.

तयारी: आधी उत्तर माहीत असलेलं चित्र बनवा

खऱ्या चित्रावर थेट सुरुवात करू नका. कोड चुकला की चित्र वाईट आहे, हे तिथे कळतच नाही. ३०० × ३०० पिक्सेलचं काळं चित्र घ्या आणि त्यावर 'फिलपॉली'ने पांढरी आकृती भरा. मी नेहमी एल आकाराची, डाव्या बाजूला छोटी खाच असलेली आकृती घेतो. तिचे दहा कोपरे असे: (६०, ६०), (२४०, ६०), (२४०, १२०), (१२०, १२०), (१२०, २४०), (६०, २४०), (६०, १७०), (७२, १७०), (७२, १४०), (६०, १४०). खाच फक्त १२ पिक्सेल खोल आहे. ती मुद्दाम ठेवली आहे, पुढे तीच कामाला येते.

चौरस घेऊन चाचणी करू नका. चौरसावर चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका: निर्देशक कुठल्या पद्धतीचे हवेत? चित्रात शून्य बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय खालच्या दिशेने वाढतो. शाळेतल्या आलेखात तो वर वाढतो. शिवाय नमपायमध्ये पिक्सेल वाचताना आधी ओळ आणि मग स्तंभ, म्हणजे आधी वाय आणि मग एक्स. ओपनसीव्हीचे बिंदू मात्र आधी एक्स, मग वाय. या एका अदलाबदलीवर जेवढे तास वाया जातात तेवढे बाकी कशावर जात नसतील.

१. चित्र उघडा, आणि खरंच उघडलं का ते पाहा

'इमरीड'ला फाइलचा पत्ता चुकीचा दिला तर ते कोड थांबवत नाही, 'नन' (म्हणजे काहीच नाही) परत देतं. चूक दिसते ती चार ओळींनंतर, भलत्याच ठिकाणी. म्हणून उघडल्या उघडल्या 'नन' आहे का ते तपासा आणि चित्राची उंची, रुंदी, चॅनेल (रंगांचे थर) छापून बघा.

ओपनसीव्हीत रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. पिलो लायब्ररीने उघडलेलं चित्र लाल, हिरवा, निळा असं येतं. दोन्हींची सरमिसळ केली की लाल आकृती शोधणारा कोड निळी आकृती पकडतो.

फोनच्या फोटोत आणखी एक गोम आहे. फोटो आडवा साठवलेला असतो आणि "हा फिरवून दाखवा" अशी नोंद सोबत असते. 'इमरीड' नेहमीच्या मोडमध्ये ती नोंद पाळतं, पण 'अनचेंज्ड' मोडमध्ये पाळत नाही. पिलोही आपणहून पाळत नाही. एका साधनाने कोपरे काढले आणि दुसऱ्याने ते चित्रावर रंगवले, तर आकृती नव्वद अंशांनी फिरलेली दिसते.

तपासणी: छापलेली उंची-रुंदी आणि चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रामने सांगितलेली उंची-रुंदी जुळली पाहिजे. उलटसुलट असेल तर पुढे जाऊ नका.

२. मास्क बनवा: सगळा वेळ इथेच द्या

मास्क म्हणजे आकृती पांढरी (२५५) आणि बाकी सगळं काळं (०) असं दोनच किमतींचं चित्र. पुढचा प्रत्येक टप्पा फक्त हा मास्क बघतो. मूळ चित्रात काय सुंदर दिसत होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आकृती आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात स्पष्ट फरक असेल तर चित्र ग्रे करा आणि ओत्सूची पद्धत लावा. ती उंबरठा, म्हणजे किती उजळ पिक्सेलपासून पुढे पांढरं धरायचं ती सीमा, स्वतः ठरवते. फोटोच्या एका बाजूला सावली असेल तर ओत्सू फसतो, कारण एकच उंबरठा दोन्ही बाजूंना लागू होत नाही. मग लोक 'अडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड'कडे वळतात आणि नवीन खड्ड्यात पडतात: ही पद्धत प्रत्येक पिक्सेलची तुलना आजूबाजूच्या छोट्या चौकटीशी करते, त्यामुळे मोठ्या एकरंगी आकृतीचा आतला भाग पोकळ होतो आणि फक्त कडा उरते. चौकट आकृतीपेक्षा मोठी ठेवा, किंवा मोठ्या गॉशियन ब्लरने पार्श्वभूमीचा उजेड अंदाजून मूळ चित्राला त्याने भागा आणि मग ओत्सू लावा. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

आकृती रंगाने ओळखायची असेल तर एचएसव्हीत (रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजळपणा वेगळे ठेवणाऱ्या मांडणीत) जा. तिथे आठ-बिट चित्रात रंगछटा ० ते १७९ अशी मोजली जाते, ३६० पर्यंत नाही. लाल रंग दोन्ही टोकांना असतो, म्हणून लालसाठी दोन पट्टे घेऊन ते एकत्र करावे लागतात. एकच पट्टा घेतला की आकृतीला भोकं पडतात.

सावधान: ओपनसीव्हीचं कॉन्टूर (वस्तूच्या कडेवरच्या बिंदूंची क्रमवार यादी) शोधणारं फंक्शन पांढऱ्याला वस्तू मानतं. कागदावरची काळी आकृती तशीच दिली तर त्याला दिसणारी वस्तू म्हणजे तो पांढरा कागद, आणि उत्तर येतं चित्राचे चार कोपरे. वरची पहिली तक्रार हीच. माझी स्वतःची एक आख्खी दुपार यात गेली आहे, तेव्हा हसू नका. उपाय एका शब्दाचा: 'बिटवाइज नॉट'ने मास्क उलटा करा.

काही जण मास्क न उलटता "आतलं भोक घेऊ" अशी पळवाट काढतात. तसं करू नका. भोकाची कडा भोकाच्या आतल्या पिक्सेलवरून जात नाही, भोवतालच्या पांढऱ्या पिक्सेलवरून जाते. म्हणजे आकृती चहूबाजूंनी एकेक पिक्सेल फुगते. शिवाय कोपऱ्यावर ही कडा तिरकी उडी मारते, त्यामुळे सरळ उभ्या काळ्या चौकोनाला चारऐवजी आठ बिंदू मिळतात.

आणि 'कॅनी'? ते कडा शोधतं, आकृती शोधत नाही. त्याची रेघ बंद असेल तर तिच्या बाहेरची आणि आतली अशी दोन कॉन्टूर मिळतात. रेघ कुठे एका पिक्सेलने तुटली तर कॉन्टूर तिच्यावरून जाऊन तसंच परत येतं आणि क्षेत्रफळ जवळजवळ शून्य भरतं. मग पुढे "लहान क्षेत्रफळाचं काढून टाका" अशी गाळणी लावली की हवी ती आकृतीच गायब. कॅनी शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

आकृती भरलेली नसून नुसती रेघांची असेल, तर रेघेला जाडी असते हे विसरू नका. रेघ ५ पिक्सेल जाड असेल तर बाहेरचं कॉन्टूर रेघेच्या मध्यापासून २ पिक्सेल बाहेर असतं. कुठली कडा खरी धरायची ते तुम्ही ठरवायचं, कोड ठरवणार नाही.

तपासणी: मास्क पडद्यावर मोठा करून बघा. खरंच मोठा, आठपट. त्यात किती वेगळ्या किमती आहेत तेही 'युनिक'ने छापा. ० आणि २५५ याखेरीज काही निघालं तर बहुतेकदा मास्क कुठेतरी जेपेग म्हणून साठवला गेलेला असतो. जेपेग ८ × ८ च्या ठोकळ्यांत चित्र दाबतं आणि कडेभोवती पुसट डाग सोडतं. मास्क नेहमी पीएनजीत ठेवा.

३. मास्क झाडून घ्या, पण घासू नका

मीठ-मिरीसारखे ठिपके काढायला 'ओपन', बारीक भोकं बुजवायला 'क्लोज'. दोन्हींना ३ × ३ किंवा ५ × ५ चा कर्नल (चित्रावरून फिरवायची छोटी चौकट) पुरेसा होतो.

इथे हात सैल सोडला की कोपरे गोल होतात. गोल कर्नलने 'ओपन' केलं की बाहेर आलेले कोपरे घासले जातात आणि 'क्लोज' केलं की आत वळलेले कोपरे भरून येतात. चौकोनी कर्नल आडव्या-उभ्या कोपऱ्यांना हात लावत नाही, तिरक्यांना मात्र कापतो. आपल्या चाचणीच्या आकृतीतली खाच ३० पिक्सेल रुंद आहे. त्याहून मोठ्या कर्नलने 'क्लोज' करा, खाच अख्खी बुजते आणि ती कधी होती याचा मागमूसही राहत नाही. ब्लरचंही तसंच: उंबरठ्याआधी मोठा ब्लर दिला की कोपरा मागे सरकतो.

ठिपके फार असतील तर मोठा कर्नल घेण्याऐवजी 'कनेक्टेड कॉम्पोनंट्स'ने छोटे तुकडे क्षेत्रफळावरून काढून टाका. त्यात मुख्य आकृतीच्या कडेला धक्का लागत नाही.

आकृती चित्राच्या कडेला टेकलेली असेल तर 'कॉपीमेकबॉर्डर'ने चारही बाजूंना दहा पिक्सेल काळी पट्टी जोडा आणि शेवटी प्रत्येक निर्देशकातून दहा वजा करा. वजा करायचं राहतं, म्हणून पट्टीची रुंदी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.

४. कॉन्टूर काढा आणि हवं ते निवडा

'फाइंडकॉन्टूर्स' ओपनसीव्हीच्या २ आणि ४ आवृत्तीत दोन गोष्टी परत देतं, ३ मध्ये तीन. जुना कोड नव्या आवृत्तीत याच ओळीवर मोडतो. फक्त बाहेरची कडा हवी असेल तर 'एक्स्टर्नल', आतली भोकंही हवी असतील तर 'सीकॉम्प'. बिंदू कसे साठवायचे यासाठी 'चेन अप्रॉक्स नन' घ्या. 'सिंपल' मधले बिंदू गाळतं आणि जागा वाचवतं, पण सहाव्या टप्प्यात कडेवरचे सगळे बिंदू लागणार आहेत.

मग क्षेत्रफळाने सर्वांत मोठं कॉन्टूर निवडा. बिंदूंच्या संख्येवरून निवडू नका: वेडीवाकडी छोटी कडा साध्या मोठ्या कडेपेक्षा जास्त बिंदू देऊ शकते.

क्षेत्रफळाच्या आकड्यावरून गोंधळ होतो, म्हणून हे जवळून बघा. १०० × १०० पिक्सेलचा भरीव चौरस, एका कडेला ५० आणि दुसऱ्या कडेला १४९. 'कॉन्टूरएरिया' सांगतं ९८०१. दहा हजार का नाही? कारण कॉन्टूर कडेच्या पिक्सेलच्या मध्यातून जातं, आणि ५० ते १४९ हे अंतर ९९ आहे. हा दोष नाही, पण मोजमापासाठी आकडा वापरणार असाल तर तो अर्धा पिक्सेल दोन्हीकडे धरावा लागतो.

तपासणी: निवडलेलं कॉन्टूर मूळ चित्रावर लाल रंगाने रंगवून पाहा. ते आकृतीच्या कडेला चिकटलेलं नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा. पुढचं काहीही ते दुरुस्त करणार नाही.

५. कडेवरून कोपरे काढा

इथे पुष्कळ जण 'हॅरिस' किंवा 'गुड फीचर्स टू ट्रॅक' वापरतात, नावात कोपरा आहे म्हणून. ती साधनं चित्रातला कुठलाही ठळक ठिपका पकडतात, पोत, अक्षरं, सावलीची टोकं सगळं. शिवाय बिंदू सुटे देतात, कोण कोणाच्या शेजारी ते सांगत नाहीत. बहुभुजासाठी क्रम हवाच. म्हणून 'अप्रॉक्सपॉलीडीपी'.

ते डग्लस–प्यूकर पद्धतीने चालतं. दोन लांबच्या बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढायची, तिच्यापासून सर्वांत दूर असलेला कडेवरचा बिंदू बघायचा. अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो बिंदू ठेवून दोन्ही तुकड्यांवर तेच पुन्हा करायचं. कमी असेल तर मधलं सगळं टाकून द्यायचं. ही मर्यादा म्हणजे एप्सिलॉन, आणि ती पिक्सेलमध्ये असते.

जिकडेतिकडे कोडमध्ये "परिमितीच्या ०.०२ पट" असं लिहिलेलं सापडतं. लोक ते मंत्रासारखं उतरवतात. आपल्या आकृतीवर लावून बघा. कॉन्टूरची परिमिती साधारण ७४२ पिक्सेल, तिच्या ०.०२ पट म्हणजे जवळपास १५. खाच १२ पिक्सेल खोल. पंधरापेक्षा कमी, म्हणून खाच गेली आणि दहाऐवजी सहा कोपरे हातात आले. एप्सिलॉन ४ ठेवा, दहाही कोपरे येतात. १ च्या खाली न्या, आत वळलेल्या कोपऱ्यांवर दोनदोन बिंदू दिसायला लागतील, कारण कडा तिथे (१२०, १२०) ला न जाता (१२१, १२०) वरून (१२०, १२१) वर तिरकी उडी मारते.

माझं मत असं: टक्केवारी सोडा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. कडेवरचा खडबडीतपणा किती पिक्सेलचा आहे? जपायची सर्वांत लहान खाच किंवा टोक किती पिक्सेलचं आहे? एप्सिलॉन या दोन्हींच्या मध्ये ठेवा. खडबडीतपणा २ आणि खाच १२ असेल तर ४ किंवा ५ उत्तम. दोन्ही आकडे सारखेच निघाले तर कुठलाही एप्सिलॉन चालणार नाही. जास्त रेझोल्यूशनचं चित्र मिळवा किंवा मास्क सुधारा.

कोपऱ्यांची संख्या आधीच माहीत असेल, उदाहरणार्थ कागदाचे चारच, तर एप्सिलॉन १ पासून हळूहळू वाढवत न्या आणि चार मिळाले की थांबा. मात्र तेच उत्तर आणखी दोनतीन पायऱ्या टिकतं का ते बघा. एकाच पायरीवर चार येऊन लगेच तीन होत असतील तर ते चार खरे नव्हेत.

शेवटी प्रत्येक कोपऱ्यावरचा कोन मोजा. १८० अंशांच्या अगदी जवळ असलेला कोपरा हा कोपरा नाही, सरळ बाजूवर पडलेला फालतू बिंदू आहे. मी १७० च्या वरचे काढतो. पण आकृतीत वक्र बाजू असेल तर ही गाळणी बंद ठेवा.

६. अर्धा-पाव पिक्सेल महत्त्वाचा असेल तरच

पुष्कळ कामांत पाचव्या टप्प्याचं उत्तर पुरतं. मोजमाप करायचं असेल किंवा कोपरे झिजलेले, गोलसर असतील तर पुढचं करा.

पहिला मार्ग 'कॉर्नरसबपिक्स'. त्याला ग्रे चित्र द्या, मास्क नव्हे. बिंदू 'फ्लोट ३२' प्रकारचे लागतात, पूर्णांक दिले तर ते अडतं. खिडकी ५ दिली म्हणजे प्रत्यक्षात ११ × ११ चा भाग तपासला जातो. त्या भागात दुसरा कोपरा आला तर बिंदू तिकडे ओढला जातो. म्हणून आधीचा आणि नंतरचा बिंदू यांतलं अंतर मोजा, ३ पिक्सेलपेक्षा जास्त सरकला असेल तर जुनाच ठेवा.

दुसरा मार्ग थोडा लांबचा, पण माझा आवडता. 'अप्रॉक्सपॉलीडीपी'चे कोपरे मूळ कॉन्टूरमधलेच बिंदू असतात, त्यामुळे यादीतलं त्यांचं स्थान शोधता येतं. दोन कोपऱ्यांमधले कडेचे सगळे बिंदू घ्या, दोन्ही टोकांचे दहा-दहा टक्के सोडा, उरलेल्यांवर 'फिटलाइन'ने रेषा बसवा. अंतराचा प्रकार 'ह्यूबर' ठेवला की एखाददुसरा भरकटलेला बिंदू रेषेला ओढत नाही. मग शेजारच्या दोन रेषांचा छेदबिंदू हाच खरा कोपरा. झिजलेला कोपराही यातून मिळतो, आणि आत वळलेल्या कोपऱ्यावरची ती एका पिक्सेलची तिरकी उडीही सुटते.

सावधान: दोन शेजारच्या बाजूंमधला कोन फार लहान असेल तर छेदबिंदू चित्राबाहेर कुठेतरी भटकतो. दहा अंशांपेक्षा कमी कोन असेल तिथे जुना कोपरा राहू द्या.

७. क्रम लावा, पण मोडू नका

तिसरी तक्रार, जाळ्याची, इथली. 'अप्रॉक्सपॉलीडीपी' कोपरे कडेच्या क्रमानेच देतं. ते पुन्हा सॉर्ट करण्याची गरजच नाही, तरी लोक करतात: मध्यबिंदू काढतात, प्रत्येक कोपऱ्याचा त्याच्याभोवतीचा कोन काढतात आणि त्यानुसार लावतात. बाहेर फुगलेल्या आकृतीवर हे जमतं. आपल्या एल आकृतीचा मध्य साधारण (१२७, १२५) ला पडतो, म्हणजे आकृतीच्या बाहेर! कोनानुसार लावल्यावर (१२०, १२०) हा कोपरा (६०, १४०) आणि (६०, ६०) यांच्या मधे जाऊन बसतो आणि बाजू एकमेकींना कापतात.

तेव्हा फक्त दोन गोष्टी करा. एक, दिशा ठरवा: प्रत्येक कोपऱ्याचा एक्स गुणिले पुढच्याचा वाय, वजा पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय, सगळ्यांची बेरीज धन आली तर पडद्यावर क्रम घड्याळाच्या दिशेने आहे, ऋण आली तर यादी उलटी करा. पुस्तकात याच्या उलट लिहिलेलं असतं, कारण तिथे वाय वर वाढतो. दोन, सुरुवात ठरवा: एक्स अधिक वाय सर्वांत कमी असलेला कोपरा पहिला यावा म्हणून यादी गोल फिरवा.

चौकोनासाठी बेरीज-वजाबाकीने चार कोपरे ओळखण्याची युक्ती प्रचलित आहे. चौकोन ४५ अंशांच्या आसपास फिरलेला असला की तीत एकच कोपरा दोनदा निवडला जाऊ शकतो. चार वेगळे बिंदू मिळाले का ते तपासल्याशिवाय ती वापरू नका.

८. उलटा ताळा

मिळालेल्या कोपऱ्यांवरून कोऱ्या चित्रावर 'फिलपॉली'ने आकृती भरा आणि मास्कशी ताडून पाहा. दोन्हींत सामाईक पिक्सेल भागिले दोन्हींचे मिळून एकूण पिक्सेल, हा आकडा सगळे काढतात. चांगला आहे, पण त्यावर विसंबू नका. खाच हरवलेल्या सहा कोपऱ्यांच्या उत्तरावर तो काढा: खाचेचं क्षेत्रफळ ३६०, आकृती १८,००० ची. आकडा येतो ०.९८ च्या आसपास. चार कोपरे गायब आणि गुण अठ्ठ्याण्णव टक्के.

म्हणून सोबत सर्वांत मोठं अंतर मोजा. कॉन्टूरचा प्रत्येक बिंदू मिळालेल्या बहुभुजापासून किती लांब आहे ते 'पॉइंटपॉलिगॉनटेस्ट' अंतर मोजण्याच्या मोडमध्ये सांगतं. चिन्ह सोडून त्यातली सर्वांत मोठी किंमत घ्या. बरोबर उत्तरात ती एकदोन पिक्सेल असते, खाच हरवलेल्या उत्तरात १२. एवढ्या एका आकड्याने चूक उघडी पडते, आणि कुठल्या बिंदूवर ती आहे हेही कळतं.

९. साठवताना

कोपऱ्यांची मांडणी (१०, १, २) अशी तीन पातळ्यांची येते. मधली फालतू पातळी 'रीशेप'ने काढून (१०, २) करा. जेसनमध्ये लिहिताना नमपायचे पूर्णांक चालत नाहीत, आधी 'टूलिस्ट' करा.

सुरुवातीला चित्र लहान केलं असेल तर निर्देशक परत मोठे करायला नुसता गुणाकार पुरत नाही. पिक्सेलचा मध्य धरायचा असतो: निर्देशकात ०.५ मिळवा, पटीने गुणा, ०.५ वजा करा. चौपट करताना हा फरक दीड पिक्सेलचा होतो, म्हणजे सहाव्या टप्प्याची सगळी मेहनत पाण्यात.

वाय वर वाढणारी पद्धत हवी असेल तर उंची वजा १, वजा वाय. आणि निर्देशकांसोबत चित्राची रुंदी-उंची त्याच फाइलमध्ये लिहा. सहा महिन्यांनी कोणीतरी तेच चित्र वेगळ्या आकारात साठवलेलं असतं, आणि मग हे आकडे नेमके कुठल्या चित्राचे हे सांगणारं दुसरं काहीच हाताशी नसतं.